बाहेरची भाकरी

मुलांनो, माझ्याबरोबर जरा एका बाजारात चला. मनातल्या मनात. दुष्काळाचं वर्ष आहे. फुलंब्रीच्या रस्त्यावर पाण्याचे टँकर उभे आहेत, उन्हात कांद्या-लसणाचा वास दाटलाय... आणि गर्दीत एक तरुण दिसतोय, इस्त्रीचा शर्ट घातलेला, हातात पिझ्झाचं खोकं. त्याच्या मागे कोण आहे, सांगा पाहू? शेळी!

सुदर्शननं वळून पाहिलं तोवर खोक्याचं झाकण तिच्या पोटात गेलं होतं.

"अहो, कुणाची शेळी ही?"

"माझी." समोरची मुलगी हसू दाबत म्हणाली, "पण साहेब, तिनं पुठ्ठा खाल्ला अन् पिझ्झा सोडला. इथं काय चालंल, ते तिनंच सांगितलं की!"

तिचे डोळे हसले. सुदर्शन काय बोलणार होता, ते विसरलाच.

तो शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका कंपनीत होता. पिझ्झा, डोसा, मिसळ अशा कंपनीच्या हॉटेलांची फ्रँचायझी गावोगावी द्यायची, हे त्याचं काम. आणि ज्या गाळ्यासाठी तो आला होता, तो नेमका याच मुलीचा, अंबिकाचा निघाला. शहर हर्सूल ओलांडून इकडं सरकत होतं. चारा नाही म्हणून तिच्या वडिलांनी, भिकननं, मेंढरं विकली आणि रस्त्यालगत गाळा बांधला. "दिवाळीपर्यंत चाललं नाय, तर मोबाइलवाल्याला भाड्यानं देईन," त्यांनी बजावलं होतं.

"मग? पिझ्झाच ना?" सुदर्शननं विचारलं.

"आधी बाजार बघा."

ती त्याला लिंबाखाली घेऊन गेली. माणसं फडक्यातल्या भाकरी सोडत होती. टपरीवरून नुसता रस्सा घ्यायचा, भाकरी घरची.

"पिझ्झा पोरं एकदा हौसेनं खातील. डोशानं पोट भरत नाय. मिसळीत भाकरी चुरता येती... कळलं का, साहेब?"

"कळलं," तो म्हणाला. पण बघत होता तिच्याकडेच.

"बाजार तिकडं आहे," ती म्हणाली, आणि स्वतःच लाजली.

मिसळ ठरली. नंतर कधी चूल बघायला, कधी रंग बघायला सुदर्शन येत राहिला. एकदा तर बघायला काहीच नव्हतं, तरी आला.

उद्घाटनाला बाजाराचाच दिवस धरला. रश्श्याचा घमघमाट सुटला. माणसं दारापर्यंत येत, थबकत, आणि मागे फिरत. दारावर कंपनीची पुठ्ठ्याची पाटी होती — 'बाहेरील पदार्थ आणू नयेत.'

अंबिका सुदर्शनकडं वळली. "तुमच्या कंपनीतल्या साहेबाला मी किती सांगितलं... भाकरी दारात ठेवून कोण आत येईल?"

सुदर्शननं पाटी उतरवली. मग पहिल्याच बाकावर बसून पिशवीतून फडकं काढलं आणि गाठ सोडली. ज्वारीच्या भाकरी!

"ओ, नोकरी जाईल ना!"

"गेली तर तुझ्याकडं ताटं धुवीन."

"धुवायला पाणी कुठंय? पत्रावळीत वाढतो आम्ही."

"मग पत्रावळी उचलीन."

बाहेरच्या एका म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं. "पोरा, भाकरी चालती व्हय इथं?"

"या ना बाबा, बसा!"

बाबा बसले. मागून दोघं आले, मग बायका आल्या. थोड्या वेळानं बसायला जागा उरली नाही, आणि भिकन स्वतः रस्सा वाढायला लागले. सुदर्शननं गर्दीचा फोटो साहेबांना पाठवला. लगेच फोन आला. तो ऐकत राहिला, आणि हळूच हसला.

"काय म्हणाले?"

"नोकरी राहिली. अन् खेड्यातल्या सगळ्या शाखांतली पाटी काढायची."

अंबिकानं पदरानं डोळे टिपले. मग तिची नजर फडक्यावर गेली. "एवढ्या भाकरी? एकट्याला?"

"आईनं दोघांच्या थापल्यात. मी सांगितलं तिला... कुणासाठी ते."

"अन् मला कधी सांगणार होता?"

"आत्ता... चालंल?"

तिनं एक भाकरी उचलली, मोडली, अर्धी त्याच्या पानात ठेवली. "चालंल. लई चालंल."

तिची पाच वर्षांची भाची सृष्टी हे सगळं टकामका बघत होती. तिनं कोपऱ्यातली ती पुठ्ठ्याची पाटी छातीशी धरली, पळत बाहेर गेली, आणि शेळीपुढं ठेवली.