सूर सोडल्यानंतरची खोली

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी यात पदरचं काहीच घातलेलं नाही. उलट एक-दोन गोष्टी गाळल्यात, कारण त्या लिहायला लागले की हात थांबतो.

दोन वर्षांपूर्वीचा मंगळवार.

रात्र नव्हती. वादळ नव्हतं, वीज गेलेली नव्हती. दुपारचे अडीच वाजले होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. शेजारची दारं दिवसभर कुलूपबंद. बाहेरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर. आतल्या खोलीत माझी चिमणी झोपलेली. तेव्हा ती दहा महिन्यांची होती आणि झोपेत तिची मूठ माझ्या ओढणीत असायची. ओढणी तिथेच ठेवून मी हळूच सुटून यायचे. अडीच ते चार, एवढाच वेळ माझा. चारच्या ठोक्याला ती उठायची आणि उठली की आधी भोकाड पसरायची, मग डोळे उघडायची.

मी सिनेमांना पार्श्वसंगीत देते. छोट्या सिनेमांना चाळीस वादक कुठले परवडायला? मग आम्ही स्ट्रिंग लायब्ररी वापरतो. म्हणजे कधीतरी, कुठल्यातरी हॉलमध्ये खरे व्हायोलिनवाले बसवून कोणीतरी एकेक सूर रेकॉर्ड करून ठेवलेला असतो. हळू, जोरात, लांब, तुटक. तोच सूर पुन्हा पुन्हा वाजवताना यंत्रासारखा वाटू नये म्हणून प्रत्येक सूर सहा-सहा वेळा. मी इथे कीबोर्डची पट्टी दाबायची, की तिथला माणूस वाजतो.

त्या वेळी एका मारहाणीच्या प्रसंगाचं काम होतं. सख्खा भाऊ भावाला लोखंडी नळीने मारतो, दोन मिनिटं. दिग्दर्शक फोनवर म्हणाला, "ताई, तुमची व्हायोलिनं ऐकून माणसाला चहा प्यावासा वाटतो. यात तसं नको. यात मार बसला पाहिजे."

"बसेल," मी म्हटलं. "आधी माझं लेकरू झोपू दे."

निवडायला चार लायब्रऱ्या होत्या. तीन विकत घेतलेल्या. चौथी काकांनी दिलेल्या एका जुन्या डिस्कवर. काका म्हणजे निवृत्त साउंड इंजिनियर, मला हे काम त्यांनीच शिकवलं. डिस्कवर नाव नव्हतं, काही नव्हतं.

माझी निवडायची एक रीत आहे. मी सुरापेक्षा सूर सोडल्यावर उरणारा हॉलचा घुमारा ऐकते, आवाज पुरता वाढवून. सूर कोणीही घासूनपुसून चकचकीत करतं. खोली खोटं बोलत नाही.

हे काम हेडफोनवर करायचं असतं.

मी स्पीकरवर केलं. हेडफोन लावले की चिमणी ऐकू येत नाही. आतलं दार उघडं ठेवलं, स्पीकर लावले आणि सुरुवात केली.

पहिल्या तिन्ही गुळमुळीत निघाल्या. एक तर इतकी सोज्वळ, की तिच्यावर भावाने भावाला पंख्याने वारा घातला असता.

चौथीची पट्टी दाबली.

दाताखाली खडा यावा तसा सूर. मी पट्टी सोडली आणि घुमारा ऐकू लागले.

खुर्ची कुरकुरली...

आणि मग... सट्.

ओल्या कातड्यावर छडी बसावी तसा आवाज. त्यामागून कोणीतरी श्वास आत ओढला. ओरडणं गिळल्यासारखा.

मी पुन्हा दाबलं. दुसरी खेप. सूर, घुमारा, खुर्ची. सट्. सट्. मग एका पुरुषाचा आवाज. चढलेला नाही. अगदी थंड.

"परत."

तिसऱ्या खेपेला सूर थरथरत होता. वाजवणाऱ्याची बोटं दुखत असणार.

चौथ्या खेपेच्या घुमाऱ्यात, खूप मागे... एक तान्हं बाळ रडलं.

मी धावत आत गेले. चिमणी गाढ झोपलेली, मूठ ओढणीत.

खरं सांगते, आणि याची मला आजही लाज वाटते... परत येऊन मला आनंद झाला. हाच तर मार दिग्दर्शकाला हवा होता. बाळाचा आवाज नंतर कापता येईल, म्हटलं. निवड पक्की केली, तोच सूर सगळ्या प्रसंगावर पसरला आणि चालू केला.

दोन मिनिटं संपली. सूर थांबला. घुमारा थांबला नाही.

तेवढ्यात टेबलावर माझा फोन थरथरला.

सट्.

काचेचे तुकडे माझ्या गालावर उडाले. फोन मधोमध चेपला होता. त्याच्याखाली टेबलाच्या लाकडात बोटभर खोल रेघ उमटली होती. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

खिडकीच्या जाळीत एक कबुतर घुमत होतं. रोज घुमतं. त्या दिवशी त्याचं घुमणं अर्ध्यात तुटलं. मी मान वळवली... जाळीवर रक्त होतं, आणि खाली जे पडलं होतं त्याला मान नव्हती.

मी ताडकन उठले. खुर्ची फरशीवर घासली.

पाठीवर असा फटका बसला, की मी टेबलावर आडवी झाले. कुर्ता फाटल्याचं कळलं, कातडी फाटल्याचंही कळलं.

आणि तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला.

सूर सोडल्यावर वादकांनी हलायचं नसतं. श्वाससुद्धा घ्यायचा नसतो. घुमारा विरेपर्यंत शांतता लागते. ती शांतता कोणीतरी अजून राखत होतं. माझ्या घरात.

मी दात आवळून प्लग उपटला. कॉम्प्युटर बंद झाला. स्पीकरचा दिवा विझला.

घुमारा चालूच.

भिंतीवरचं घड्याळ आधीच फुटलेलं होतं, कधी ते मला कळलंही नव्हतं. काटे अडकले होते चारला पाच कमी असताना.

चिमणी उठणार होती. उठली की रडणार होती.

मी अनवाणी, काचांवरून, आवाज न करता आत गेले. पायातून रक्त येत होतं. तिची कूस बदलून झाली होती. खालचा ओठ पुढे आला, थरथरायला लागला... आईला कळतं तो ओठ.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

हलकेच ठेवला होता. पण हात जड झाला. माझ्या हातावर दुसरा हात होता. थंड, बायकी, बोटांच्या टोकांना तारांचे घट्टे. तो दाबत होता. जीव तोडून दाबत होता. तिचे डोळे उघडले, माझ्याकडे बघत राहिले, चेहरा निळसर व्हायला लागला आणि मला समजलं, त्या हॉलमधलं बाळ गप्प कसं झालं.

त्या बाईचाही इलाज नव्हता. तिनेही वाचवायलाच हात ठेवला असणार.

मी हात हिसडून काढला. चिमणीने श्वास घेतला. आता ती रडणार होती.

तिच्या आधी मी ओरडले.

कुठलाही घुमारा कधीतरी विरतोच. तो विरेपर्यंत तिच्यापेक्षा मोठा आवाज माझा असला पाहिजे, एवढंच कळत होतं. मी बाहेरच्या खोलीत पळाले आणि तोंडाला येईल ते बोंबलत राहिले. तिला आंघोळ घालताना म्हणायचे ते खुळं गाणं. चिमणीचं बोट. फटका. बोटाचं पोट. फटका. पोटाला मिशी. स्टुलाने कपाट बडवलं, तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं मोडली. मोडल्याचा आवाजसुद्धा मी स्वतः ऐकला. गुडघ्यावर पडले तरी गात होते. कान फुटला, तरी गात होते. आत ती रडत होती, आणि माझ्या किंचाळण्याखाली ती मलाही ऐकू येत नव्हती.

बरं झालं. म्हणजे त्यालाही येत नसणार.

मग घुमारा पातळ झाला... आणखी पातळ... आणि माझ्या फुटलेल्या कानाशी, अगदी जवळ, तोच थंड आवाज म्हणाला,

"हा चालेल."

साडेपाचला नवरा आला. दारातच पिशवी त्याच्या हातातून सुटली.

"कोणी आलं होतं?"

"ती श्वास घेतेय ना बघ."

"अगं, पण हे कोणी..."

"आधी तिला बघ."

ती आत जागी होती. पायाचा अंगठा चोखत होती. अंगावर ओरखडाही नव्हता. माझ्या पाठीवर एकोणीस वळ होते, डॉक्टरीणबाईंनी मोजले. जिन्यातल्या कॅमेऱ्यात अडीच ते साडेपाच कोणी वर आलेलं दिसलं नाही. काही दिवस शेजारपाजारचे नवऱ्याकडेच वेगळ्या नजरेने बघत होते. त्याने ते मुकाट सोसलं.

आठवड्याने मी काकांना फोन केला. "ती डिस्क कोणी रेकॉर्ड केली होती?"

"मेला तो," काका म्हणाले. "शांततेचं वेड होतं त्याला. खुर्ची कुरकुरली तरी..." ते थांबले. "तू कशाला उघडलीस गं? मी तर नुसती अडगळ काढत होतो."

"काका, तिथे कोणाचं बाळ होतं का?"

फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही.

डिस्क फोडून टाकण्याआधी नवऱ्याने ती एकदा आपल्या ऑफिसच्या मशीनवर उघडली होती, आवाज बंद ठेवून. त्या सुराच्या सहा खेपा असायला हव्या होत्या.

सात होत्या. सातवीवर त्या मंगळवारची तारीख.

आम्ही ती ऐकली नाही. हातोडीने डिस्कचा भुगा केला. मी तो सिनेमा सोडला, काम मात्र सोडलं नाही. आता हेडफोन लावते, आणि चिमणीला मांडीवर घेऊन बसते.

ती पावणेतीन वर्षांची झालीय. अखंड बडबड करते, माझ्या मोडक्या बोटांना तिने नावंसुद्धा ठेवलीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, पोर अगदी ठणठणीत आहे.

फक्त एक आहे.

काल ती पायरीवरून पडली. गुडघा फुटला, भळाभळा रक्त आलं. तिने तोंड उघडलं... आणि त्यातून काहीच आवाज आला नाही.

ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्याच्या वर, उंच माणसाचं तोंड असेल तिथे, बघत होती.

वाट बघत होती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग तिने हलकेच मान हलवली, कोणी हो म्हटल्यासारखी...

आणि मगच रडली.