अडकलेली वीज

थोरल्या बहिणीला जुळं झालं, त्याच वर्षी मी प्रयोगशाळेत काचा धुवायला लागले. पहिल्याच दिवशी एका जांभळ्या काचेवर डाग दिसला. मी आपली फुंकर घातली, फडकं लावणार, तोच मागून कुणीतरी ओरडलं, "फुंकर नको!"

ओरडणारा उंच, किडकिडीत. ओरडून झाल्यावर स्वतःच लाजला.

"एवढं काय झालं? फुंकरच तर मारली!"

"ओल गेली आत. आता... खड्डे पडतील."

उन्हावर वीज करणाऱ्या काचा होत्या त्या. वर शाईसारखा पातळ थर. उजेड पडला की आत वीज सुटते, तारेकडे धावते, पण वाटेत खड्डा लागला की तिथंच अडकून बसते, असं त्यानं सांगितलं. ते खड्डे शोधायचे, हेच त्याचं काम. आणि स्वतः मात्र दर वाक्याला अडखळायचा.

"तुमच्यातही कुणी फुंकर घातली का हो?" मी विचारलं. तो कानापर्यंत लाल.

मग तो धुतलेल्याच काचा पुन्हा धुवायला पाठवू लागला... मला काय कळत नव्हतं? मीही मुकाट्यानं धुवायची, आणि नेऊन द्यायची.

पुढं दादाची बदली झाली. रविवारी सगळं बिऱ्हाड हलणार होतं, माझ्यासकट. शनिवारी मी निरोप घ्यायला गेले, तर तो माझीच ती बिघडलेली काच तपासत होता. आधी गार करून तिला उजेड दाखवला होता. आता दिवा विझवून हळूहळू तापवत होता. काच अंधारात, तरी यंत्राचा काटा हलला.

"उजेड नाही, मग वीज कुठली?"

"अडकलेली. ऊब मिळाली की... निघते."

मी थांबले. तो काट्याकडेच बघत राहिला. शेवटी मीच त्याला बाहेर जिन्यावर बोलावलं आणि चहाचा कप त्याच्या दोन्ही हातांत दिला.

"घ्या, ऊब. उद्या मी नसेन."

एक घोट... दुसरा...

"तू जाऊ नकोस," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' — आणि एकदाही न अडखळता. "दादांना आजच भेटतो. लग्न करशील माझ्याशी?"

आता अडखळायची पाळी माझी होती. मान तेवढी हलली.

"चहा गरम आहे," मी कशीबशी म्हणाले, "फुंकर घालून प्या. इथं चालते."

दादा बदलीच्या गावी गेला, मी राहिले. ती काच अजून आमच्या खिडकीत आहे.

आमचे हे मागच्या हिवाळ्यात वारले, नात पहिलं पाऊल टाकायला लागली त्याच आठवड्यात.