सहावा उंदीर

खरं वाटणार नाही, मला माहीत आहे. मलाही वाटत नाही, म्हणून तर चिडचिड होते. पण बाबा समोर बसलाय आणि पिंजराही समोर आहे. खोटं कसं म्हणू?

गेल्या वर्षीचा माघ. रविवारची दुपार. जोयडा तालुक्यातलं दिग्गी.

मी शेजारच्याच गुंद गावची गिरजा. तेव्हा बेळगावच्या एका प्रयोगशाळेत पांढऱ्या उंदरांवर काम करायचे. त्यांना आठवड्यातून दोनदा तेलातून विष टोचायचं. लिव्हर हळूहळू घट्ट होत जातं. त्यावर औषध चालतं का, ते बघायचं.

माझ्या बाबाचं लिव्हरही तसंच घट्ट होत चाललं होतं. दारूचा थेंबही न घेता.

दिग्गीची तुळजाकाकी यावर एक मूळ देते. ते थेट बाबाला द्यायला मी तयार नव्हते. शिकलेली ना मी! आधी उंदरांना देऊन बघणार होते.

काकीने झाडापाशी मूठभर तांदूळ ठेवले. विचारलं, कुणासाठी?

उंदरांसाठी, मी म्हटलं.

"नाव घेतल्याबिगर मूळ काढायचं न्हाई. आनि ज्याचं नाव, त्येच्याच पोटात जायला पायजे."

शेवटची बस चुकत होती. माझं डोकं फिरलं. बाबाचं नाव सांगून टाकलं... महाबळेश्वर.

मूळ मात्र सहा उंदरांना चारलं.

सुईचे वार सोमवार आणि गुरुवार. वेळ साडेदहा. पहिल्याच सोमवारी सुई लागली आणि ते सहाही उंदीर एकदम गप्प झाले...

खुडबुड नाही. चिरचिर नाही. बाकीच्या पिंजऱ्यांत सगळं चालू होतं.

तिसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला.

"सोमवार आला की बाबा पोट धरून बसतोय. गुरुवारीबी तसंच. साडेदहा वाजले की..."

प्रयोगशाळेच्या सरांना सांगितलं, सुया थांबवा. सर हसले. दोन दिवस सुट्टी घे म्हणाले आणि सुई दुसऱ्याच्या हातात दिली. असा संताप आला! पण कागदावर कारण काय लिहिणार होते मी?

सहा आठवडे भरले. शेवटी उंदरांना मारून लिव्हर काढून बघतात. नियमच आहे तो.

सरांनी सुरुवात केली आणि आईचा फोन आला. मी बाहेर पळाले.

"बाबाचा श्वास अडकला गो... आला... परत अडकला..."

मी मोजत होते.

पाच वेळा.

आत धावले. ट्रेमध्ये पाच उंदीर पडले होते. सहावा सरांच्या हातात होता.

मी तो हिसकावून घेतला. नोकरी गेली. बाबा वाचला.

त्या पाचांची लिव्हरं मऊ निघाली म्हणे. औषध चाललं होतं! मी तशीच दिग्गीला गेले, बाबासाठी मूळ मागितलं. काकीने मान हलवली.

"येका नावाला येकदाच. तुझ्या बाबाचं दिऊन झालं."

तेव्हापासून उंदीर आमच्या घरी आहे. त्याला मांजरापासून जपते, थंडीपासून जपते. दुसरं करणार तरी काय?

पांढरा उंदीर फार तर दोन वर्षं जगतो. याला बाविसावा महिना लागलाय.

काल त्याने दाणे तसेच ठेवले.

आज सकाळी आईने पेज वाढली. बाबाने ताट सरकवलं.

"भूक न्हाई गो."

मी पिंजऱ्याकडे बघितलं... खुडबुड थांबली होती.