फोटोत न दिसणारा नळ

डोळे मिटा बरं, मुलांनो. समजा, तुमच्या डोक्यावर शांपूचा फेस आहे आणि नळ नुसता खाकरतोय... थेंबभर पाणी नाही. आता काय कराल?

चारुलता तशीच बाहेर आली. मागोमाग टॉवेल घेऊन तिची आठ वर्षांची भाची, स्नेहा. हैदराबादचं हे जुनं, नावाजलेलं हॉटेल. नागपूरच्या अमितशी चारुलताचं लग्न ठरत आलेलं; त्याला ते इथेच हवं होतं, म्हणून तिच्या आईने तिला एक रात्र राहून खोल्या बघायला पाठवलेलं. सकाळी दहापर्यंत आईला होकार कळवायचा होता. रात्रभर गादीच्या स्प्रिंगा टोचल्या, सकाळी पाणी गेलं. मॅनेजर शांतपणे म्हणाला, "पुराना हॉटेल है मॅडम, ऐसाइच रहता."

शेजारच्या खोलीतून एक तरुण निघाला. एका गालावर साबण, दुसरा कोरा.

"तुमचंही अर्ध्यावरच राहिलं?" तो हसला. "मी विकास, इथल्याच काचीगुड्याचा मांडववाला. नागपूरकरांच्या लग्नासाठी हॉल मोजता मोजता रात्र झाली, म्हणून इथेच राहिलो."

"ते लग्न माझंच."

"अच्छा..." त्याचं हसू जरा ओसरलं. "चला, अंगणात हौद आहे."

चारुलता हौदाशी वाकली. तो तांब्याने पाणी घालू लागला. हळूहळू, कानात जाऊ नये म्हणून तळहात आडवा धरून.

"फार गार आहे?"

"आहे. पण थांबू नका."

तिने मघाशीच कोरड्या नळाचा फोटो अमितला पाठवला होता. त्याचं उत्तर आलं. स्नेहाने अडखळत वाचलं, "लग्नाच्या फोटोत नळ थोडाच दिसतो?"

चारुलता ताठ उभी राहिली. केस निथळत होते. तिने आईला फोन लावला.

"आई, हॉटेल नको. अमितही नको."

"अगं, नळासाठी कुणी स्थळ मोडतं का?"

"नळासाठी नाही. माझी अडचण त्याला दिसतच नाही. मी हो म्हणणार नाही. दहाला नाही, अकरालाही नाही."

फोन ठेवताना तिची मान खाली गेली नाही.

"म्हणजे माझा मांडव गेला," विकास म्हणाला.

"वाईट वाटलं?"

"वाटायला हवं होतं... वाटत मात्र नाही."

"गाल धुवा आधी. मग चहा पाजा."

"आणि मग?"

"मग बघू. घाई नक्को," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली.

स्नेहाने दोघांकडे पाहिलं. टॉवेलचं एक टोक तिने खांबाला बांधलं, दुसरं हौदाच्या कठड्यावर चढून उंच धरलं आणि दोघांच्या मधोमध ओला अंतरपाट ताणला.

"सावधान," ती गंभीरपणे म्हणाली, आणि टॉवेल सोडून दिला.