नीलाताई 'येते' म्हणाल्या होत्या

खोटं वाटलं तर वाटू दे. शिवांगी माझी सख्खी मामेबहीण आहे आणि तिला थापा मारता येत नाहीत. लहानपणी खोटं बोलली की तिचे कान लाल व्हायचे.

हे सांगताना एकदाही झाले नाहीत.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. तारीख नऊ, गुरुवार. अलास्काचा वायव्य किनारा, गोठलेल्या समुद्राला चिकटलेलं एक गाव. नाव सांगणार नाही. तिथं त्या दिवसांत सूर्य दुपारी साडेबाराला उगवतो आणि तीननंतर मावळतो. पावणेपाचला मिट्ट काळोख.

पावणेपाच ही वेळ लक्षात ठेवा.

शिवांगी शिकागोजवळच्या एका शाळेत गणित शिकवायची. नोव्हेंबरच्या शेवटी शाळा बंद पडली आणि व्हिसाचे साठ दिवस सुरू झाले. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. नेपरव्हिलला आमच्या बेसमेंटमध्ये पांघरूण गुंडाळून बसायची आणि अर्ज पाठवत राहायची. शेवटी त्या गावातून तेवढं एक उत्तर आलं. गणिताच्या बाई वर्षाच्या मधेच सोडून गेल्या होत्या. व्हिसा आम्ही करू, पण आधी तीन दिवस येऊन शिकवून दाखवा.

"यार, तिथं माणसं तरी राहतात का?" मी म्हटलं.

"माणसं नसली तर अस्वलांना शिकवीन. व्हिसा मिळाल्याशी कारण."

मंगळवारी आठ सीटच्या विमानानं ती पोचली. मुख्याध्यापक डेल स्वतः घ्यायला आला होता. जाडजूड, हसरा माणूस. पाहुण्यांनी वर्गातच गादी टाकून झोपायचं, अशी तिथली रीत. तिला गणिताचा वर्ग मिळाला.

मुलं गुणी होती. 'हो' म्हणायला नुसत्या भुवया उंचावायची. हिला पहिला तासभर वाटलं, कुणाला काही येतच नाही.

त्याच दुपारी, पावणेपाचला...

शाळेला एकामागे एक अशी दोन दारं असतात तिथं. मधे बूट काढायची छोटी खोली. बाहेरचं दार उघडल्याचा आवाज आला. मग कुणीतरी बर्फ झटकायला बूट आपटले.

ठप... ठप... ठप.

मग आतल्या दारावर हलकी टकटक.

डेलनं रेडिओ मोठा केला. "वारा आहे," म्हणाला.

शिवांगीनं खिडकीतून पाहिलं. बाहेर पान हलत नव्हतं म्हणावं, तर तिथं पान नावाचीच गोष्ट नाही. पण दिव्याच्या खांबावरचा झेंडा सरळ खाली लोंबत होता. आणि पायरीवरच्या ताज्या बर्फात एकही पाऊल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं टेबलामागची कपाटं उघडली. एका दाराच्या आत भिंतीवरचं कॅलेंडर चिकटवलेलं होतं. मागच्या वर्षाचं. चौकोनांत पेन्सिलीनं बारीक अक्षर...

मराठी.

'फाइल विचारली. उद्या म्हणाले.'

'पुन्हा विचारली. उद्या.'

'उद्या.' 'उद्या.' 'उद्या.' सप्टेंबर, ऑक्टोबर, सगळा भरलेला. अठरा नोव्हेंबरच्या चौकोनात एकच शब्द.

'येते.'

त्यानंतरचे चौकोन कोरे.

शाळा झाडणाऱ्या ॲग्नेसला तिनं आधीच्या बाईंबद्दल विचारलं. ॲग्नेस त्याच गावची, साठीची बाई. ती आधी बराच वेळ पोछा पिळत राहिली.

"नीला तुझ्यासारखीच होती. लांबून आलेली. डेलशी तिचं वाजलं, तिनं वरती तक्रार केली. त्यानं तिचे व्हिसाचे कागद ड्रॉवरमध्ये दाबून ठेवले, मुदत संपेपर्यंत. मग म्हणाला, आता तू इथं राहू शकत नाहीस, आजचं विमान पकड."

"मग?"

"वादळ होतं. धावपट्टी दीड मैल. सगळ्या गावात बर्फावर चालणारी स्नोमशीन आहेत, पण त्यानं कुणाला सांगितलंच नाही. ती चालत निघाली. पावणेपाच वाजले होते."

"पोचली ती?"

शिवांगी ॲग्नेसच्या भुवयांकडे बघत राहिली. त्या हलल्या नाहीत.

"बॅग समुद्रावरच्या बर्फात सापडली," ॲग्नेस म्हणाली. "ती नाही."

तो माणूस हसत हसत सगळ्यांना सांगत होता, बाई सोडून गेल्या. शिवांगीचं डोकं फिरलं. पण करणार काय? तिचीही फाइल त्याच ड्रॉवरमध्ये जायची होती.

गुरुवारी संध्याकाळी डेलनं तिला ऑफिसात बोलावलं. ऑफिस दाराला लागूनच. शाळा रिकामी झाली होती.

"नोकरी तुझी," तो म्हणाला. "कागद मी बघतो. उद्या."

उद्या.



तेवढ्यात... ठप... ठप... ठप.

मग टकटक. डेलचा चेहरा पांढरा पडला. या वेळी त्यानं रेडिओ मोठा केला नाही.

"एक विचारू? तू तिच्याच भाषेची ना? आधीची टीचर. जाताना इथं दारात उभी राहून माझ्याकडे बघत एकच शब्द म्हणाली. येटे. तेव्हापासून रोज हे... तो शाप आहे का?"

आता बघा. तिला पूर्ण अर्थ सांगता आला असता. घरातून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो, आणि त्याचा शब्दशः अर्थ 'मी येतेय' असाच होतो. सांगितलं असतं, तर त्या माणसानं जन्मात ते दार उघडलं नसतं.

तिला कॅलेंडर आठवलं.

"नाही सर," ती म्हणाली. "आमच्यात बाय करताना तसंच म्हणतात. बाकी काही नाही."

"बाय?"

"बाय."

तो हसला. सुटल्यासारखा मोठ्यानं हसला. "दोन महिने मी एका बायला घाबरतोय!" म्हणाला आणि मोज्यांवरच उठून, ताडताड जाऊन त्यानं आतलं दार उघडलं.

कोणी नव्हतं.

फरशीवर बायकी बुटांचा एक जोड होता. बर्फानं माखलेला. टाचा बाहेर... टोकं आत.

"हे कोणाचे..." डेल वाकला आणि दार त्याच्यामागे आपोआप बंद झालं.

मग बाहेरचं दार उघडलं. मग तेही बंद झालं.

ओरडणं नाही. झटापट नाही. शिवांगी खुर्चीत बसून राहिली. उठली नाही. मला हे सांगताना ती रडली. "मी उठायला हवं होतं गं," म्हणाली. आणि लगेच म्हणाली, "नाही, नको होतं."

शुक्रवारी डेल सापडला. समुद्रावरच्या बर्फात, दीड मैल आत, मोज्यांवर. छातीशी एक फाइल धरलेली, नीलाच्या नावाची. ऑफिसातून निघताना त्याचे हात रिकामे होते, हे शिवांगीनं स्वतः पाहिलं होतं.

पावलांची रांग एकच होती.

त्या दुपारी विमान पकडायला निघताना तिनं गणिताच्या वर्गातून बॅग उचलली. दारात सवयीनं वळली आणि तोंडातून निघून गेलं...

"येते हं, ताई."

रिकाम्या वर्गातून, अगदी घरच्यासारखं उत्तर आलं.

"ये. वाट बघते."

आठवड्यानं शाळांच्या जिल्हा ऑफिसचा फोन आला. नोकरी पक्की, व्हिसाचे कागद आजच पाठवतो, कधी येताय? साठातले अकरा दिवस उरले होते. दुसरं उत्तर कुठूनच आलं नव्हतं. मी हातापाया पडले, पण ती निघाली.

एअरपोर्टवर तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, "जाते."

माझी सहा वर्षांची अनया लगेच तिच्यावर डाफरली. "मावशी, नो! जाते नाही म्हणायचं, आई ओरडते. से येते!"

शिवांगी खाली बसली. अनयाची टोपी नीट केली.

"येते मी तिकडे म्हणून आलेय, बाळा," ती म्हणाली. "दोन्हीकडे नाही म्हणता येत."

मी तिच्या कानांकडे बघितलं. लाल नव्हते.