शिलाईवाल्या मावशींचा फोन

दार लोटून घे. नुसतं लोट, कडी नको. आणि माईकसमोर बिस्किटं खाऊ नकोस, चुरा मलाच काढावा लागतो.

तुम्हा तिघांनाही सकाळचा शो हवाय, हे मला कळलंय. इथं नव्यानं आलेल्या प्रत्येकाला तो हवा असतो. हवा असू दे. पण ज्याला मिळाला त्याचं काय झालं ते ऐकून घ्या, म्हणजे निदान माहिती असून खड्ड्यात पडाल. मी तंत्रज्ञ माणूस. वायरी जोडतो, गोष्टी नाही. हे सगळं त्यानं मला कागदावर लिहून दिलं होतं. तोंडी का नाही सांगितलं, ते येईल पुढे.

त्याला आम्ही साखऱ्या म्हणायचो. सहा फूट उंच, आणि आवाज नुसता पाक. नळाला दोन दिवस पाणी येणार नाही, हे तो असं सांगायचा की ऐकणारीला वाटावं आपल्याला मागणी घातली. सुरुवात केली लग्नाच्या हॉलबाहेर. पांढरी गाडी कुणाची, ती काढा, असं माईकवरून ओरडायचं. मग पाण्याच्या पाईपच्या जाहिराती. मग आमच्या रेडिओ स्टेशनवर रात्री बारा ते तीन. तिथं अकरा वर्षं.

कार्यक्रम होता इथल्याच गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी. पोरं बिचारी गच्चीवर, गॅरेजमध्ये गाणी बसवून, रेकॉर्ड करून पाठवायची. साखऱ्यानं त्यातलं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलं नाही. सुरू करायचा, आवाज बंद करायचा, आणि संपत आलं की म्हणायचा, "वा, काळजाला हात घातला." कुणाच्या काळजाला आणि कुणी, देव जाणे.

"रात्री रेडिओ ऐकतं कोण?" तो मला म्हणायचा. "एक चौकीदार, एक झोप उडालेला, आणि एक बंद करायचा विसरलेला. त्यांच्यासाठी मी जीव काढू?"

त्या हिवाळ्यात सकाळच्या शोची जागा रिकामी झाली. स्टेशनच्या मॅडमसमोर दोन नावं होती. एक साखऱ्या, आणि दुसरी बावीस वर्षांची एक पोरगी, जी आधी हसायची आणि मग काय झालं ते विचारायची.

"तुझ्या शोला फोन किती येतात?" मॅडमनी विचारलं.

"येतात की."

"आकडा सांग."

"मॅडम, प्रेम आकड्यात..."

"सतरा तारखेला, गुरुवारी सकाळी ठरवते. तोवर फोन ऐकव. नाहीतर तुझं वय बघता पुढच्या वेळी नाव घेणार नाही मी."

त्याला बेचाळिसावं लागलं होतं. बायको माहेरच्यांना सांगून बसली होती की सकाळचं नक्की आहे. आणि फोन किती यायचे? महिन्यातून एक. तोही राँग नंबर.

मग त्यानं काय केलं? दुपारी रेकॉर्डिंगच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं आणि श्रोते तयार केले. सगळे आवाज स्वतःच काढले. घसा खरवडून चौकीदार. जबडा पुढे काढून ट्रकवाला. आणि नाकाला दोन बोटं लावून शिलाईवाल्या मावशी, ज्या रात्रभर मशिनवर बसून कपडे शिवतात. मशिनचा आवाज स्टेपलरनं. प्रश्न त्याचे, उत्तरं त्याची, कौतुकही त्याचंच. हे सगळं क्रमानं कॉम्प्युटरला लावून द्यायचं आणि रात्री स्टुडिओतल्या सोफ्यावर ताणून द्यायची. बाहेर वाटायचं, काय जिवंत कार्यक्रम चाललाय.

आणि मॅडमना मावशी आवडल्या. "बाई अस्सल आहे," म्हणाल्या. साखऱ्या आठवडाभर आरशात स्वतःला बघून हसत होता.

बुधवारची रात्र. म्हणजे गुरुवार लागला होता. सतरा जानेवारी. घड्याळात दोन वाजून अकरा मिनिटं.

साखऱ्या सोफ्यावर, बूट काढून. इमारतीत दुसरं कुणी नाही. स्पीकर बारीक आवाजात चालू. स्टेपलरची खटखट ऐकू आली, मावशींचा फोन सुरू झाला. दुपारी रेकॉर्ड केलेलं वाक्य होतं, "दादा, तुमच्या आवाजावर माझं मशिन आपोआप चालतं."

मावशी म्हणाल्या, "दादा, झोपलात?"

साखऱ्यानं डोळे उघडले.

स्पीकरमधून त्याचाच आवाज आला, गोड. "छे हो मावशी. तुमचा फोन आल्याशिवाय झोप कुठली?"

हेही त्यानं रेकॉर्ड केलं नव्हतं.

"तुम्ही नाही हो. तो. सोफ्यावरचा."

"तो होय. तो आडवा आहे."

"डाव्या मोज्याला भोक आहे त्याच्या."

त्यानं खाली बघितलं. होतं.

"मोज्याचं काय घेऊन बसलात," त्याचाच आवाज म्हणाला, "डोक्याची पण तीच गत आहे." आणि दोघं हसली. मग चौकीदार लाईनवर आला. "अकरा वर्षं ऐकतोय साहेब. गाणं कसं आहे, हे एकदा नाही सांगितलं यानं." ट्रकवाला म्हणाला, "सांगणार काय, ऐकलं तर ना."

साखऱ्या उठला. अनवाणीच कॉम्प्युटरपाशी गेला. स्टॉप दाबलं.

पडद्यावरचं सगळं थांबलं.

बोलणं थांबलं नाही.

त्यानं वायर उपटली. पडदा काळा झाला. आवाज दाखवणाऱ्या मीटरचे काटे मात्र नाचत होते. बोलण्याच्या तालावर.

त्यानं माईक चालू केला. लाल दिवा लागला. तो ओरडला. "श्रोतेहो, काहीतरी बिघाड..."

काटा हलला नाही.

पुन्हा ओरडला. त्याला स्वतःलाही ऐकू आलं नाही. नुसतं तोंड उघडत होतं. काचेत दिसत होतं, उघडतंय... मिटतंय...

स्पीकरमध्ये सगळे गप्प झाले.

खट... खट... स्टेपलर.

मग अगदी हळू, माईकला तोंड लावून बोलावं तसं...

"दादा. तुमचं बोलून झालं ना?"

...

"मग सरका."

तीनला कार्यक्रम संपला. तो तिथंच उभा होता. चार वाजले. साडेपाच वाजले. फोन वाजला. मॅडम.

"अरे, काय रात्र होती ती! स्वतःलाच शिव्या खायला लावल्यास? असं अकरा वर्षांत कुणी केलं नाही. ऐक, ठरलं माझं. सकाळचा शो त्या मावशींना. त्यांना घेऊन ये."

साखऱ्यानं सगळं खरं सांगून टाकायचं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदा. तोंड उघडलं.

"मॅडम, मावशी वगैरे कुणी नाहीये हो," तो म्हणाला.

नाकातून. बाईच्या आवाजात.

मॅडम खूश होऊन म्हणाल्या, "अगंबाई, मावशी, तुम्हीच? विनोदी आहात. सोमवारी सहाला या."

त्याचा आवाज परत आला नाही. डॉक्टरनं घशात बॅटरी मारून बघितलं, घसा उत्तम. घरी फोन केला तर आईनं "राँग नंबर आहे बाई" म्हणून ठेवून दिला. बायको त्याच्याशी अंधारात बोलेना. म्हणाली, "मला उगाच सासूबाई वाटतात." पण सोमवारी सहाला तो गेला. जाणार नाही तर काय करणार, अकरा वर्षं वाट बघितली होती. दार लावून एकटाच आत बसायचा; मॅडमना आवाजाशी मतलब, तो कुणाच्या तोंडून येतो ते त्यांनी कधी बघितलं नाही. आणि गंमत बघा, आता प्रत्येक गाणं शेवटपर्यंत ऐकलं जायचं. कुठं तबला घसरला, कुठल्या पोराचा गळा चांगला आहे, सगळं सांगितलं जायचं. फोन असे यायचे की लाईन वाढवावी लागली. गॅरेजमधली पोरं मोठी गाणारी झाली.

मी त्याला एकदा विचारलं, "एवढं कसं रे कळायला लागलं तुला गाण्यातलं?"

त्यानं कागदावर लिहिलं, "मला अजून काही कळत नाही. मी नुसतं तोंड हलवतो."

असं चार वर्षं. मग एका रविवारी तो गाव सोडून गेला. कुठं, ते बायकोलाही माहीत नाही. मी मॅडमना म्हटलं, उद्या सहाला काहीतरी जुनं लावतो. त्या म्हणाल्या, लाव.

सोमवारी यायला मला उशीर झाला. सव्वासहा. जिना चढत होतो तेव्हा रिसेप्शनवरचा रेडिओ चालू होता. मावशी बोलत होत्या.

स्टुडिओला बाहेरून कुलूप. माझंच. उघडलं.

आत कुणी नाही.

खुर्ची पार खाली केलेली. माईकचा दांडा खाली ओढलेला... चार फूट दहा इंचाच्या बाईला बसून बोलता यावं, एवढा.

मी माईकच्या तोंडावरच्या फोमला हात लावला.

ओलसर होता. आणि गरम.