पाखरं मारायची बंदूक

मला गोष्ट रचायची असती, तर मी रात्र रचली असती.

हे घडलं भर दुपारी. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, बुद्ध पौर्णिमेनंतरच्या रविवारी, मंठ्यात. माझ्या मावसभावाच्या घरी.

राजानंद त्याचं नाव. मी त्याला राजूदादा म्हणतो. जे झालं ते त्यानं आणि संध्यावहिनीनं मला समोर बसवून सांगितलं. शेवटचं तर मी माझ्या कानांनी ऐकलंय.

विश्वास ठेवा, नका ठेवू. मला तरी अजून ठेवता येत नाही... आणि सोडताही येत नाही.

राजूदादाला व्हिडीओ गेमचा लई नाद. चाळिशीचा माणूस, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतो, पण घरातली समोरची एक अख्खी खोली गेमनं भरलेली. लहानपणीच्या पिवळ्या-लाल कॅसेटी, वायरी तुटलेले रिमोट, डबड्यातल्या सीड्या, आणि वर नवं कोरं मशीन. वहिनी त्या खोलीला गोडाऊन म्हणायची.

त्या मे महिन्यात मात्र खोली रिकामी करणं भागच होतं.

दादाचे वडील, अप्पारावकाका, मागच्या पत्र्याच्या खोलीत झोपायचे. मंठ्याचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. गेमची खोली स्लॅबची, गार. काकांचा पलंग तिथं टाकायचा असं ठरलं. जालन्याचा एक शौकीन माणूस नको असलेलं सगळं घेऊन जायला तयार होता.

"पण एकेक गेम खेळून बघणार," दादा म्हणाला. "मन लागलं तर ठेवायचा. न्हाई लागलं तर देऊन टाकायचा."

"खेळा," वहिनी म्हणाली. "पण संध्याकाळी बाबांचा पलंग इथं पाहिजे. बराबर?"

मुलगी पायल सुट्टीला आजोळी गेलेली. घरात तिघंच. काका मागं सतरंजीवर पेपर वाचत पडलेले.

दादानं पडदे ओढले, कूलर लावला आणि बसला. आधी नव्या मशीनवरचा लढाईचा गेम लावला. त्यात माणसाच्या दाढीचा केस न केस दिसतो. पण मन लागलं नाही. द्यायच्या ढिगात. मग गाड्यांचा. तोही ढिगात. मग जुनं मशीन जोडलं, आणि हाताला ती बंदूक लागली.

प्लास्टिकची, राखाडी. पाखरं मारायची.

तुमच्यापैकी कुणी कुणी खेळली असेल. टीव्हीत पाखरं उडतात, नेम धरायचा, चाप ओढायचा. लागलं की टिंग असा आवाज येतो आणि पाखरू खाली पडतं. ही काकांनीच दादाला आणून दिलेली, तो चौथीत असताना. बापलेक दोघं मिळून खेळायचे.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर आहे. ही बंदूक काही मारत नाही, ती बघते. तिच्या तोंडात उजेड ओळखणारी काच असते. चाप ओढला की टीव्ही क्षणभर काळा होतो आणि पाखराच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. तो चौकोन बंदुकीला दिसला तर टिंग. आणि हे फक्त जुन्या डब्बा टीव्हीवरच चालतं. आजच्या सपाट टीव्हीवर नाहीच चालत.

दादाचा डब्बा टीव्ही कधीच भंगारात गेलेला.

त्यानं सपाट टीव्हीवरच नेम धरून पाहिला. काही नाही. पाखरं उडून गेली. होणारच होतं. तो हसला, बंदूक मांडीवर ठेवली आणि कॅसेट काढायला वाकला.

वाकताना बोट चापाला लागलं.

टिंग...

पाखरू पडलं.

दादानं बंदुकीकडं बघितलं. तिचं तोंड कपाटाशेजारच्या कोपऱ्याकडं होतं. अंधारा कोपरा. पडदे ओढलेले, ट्यूब बंद.

त्यानं बंदूक खिडकीकडं धरली. काही नाही. दाराकडं. काही नाही. टीव्हीकडं. काही नाही.

परत कोपऱ्याकडं.

टिंग.

तो उठला, कोपऱ्यात हात फिरवला. भिंत होती. नुसती भिंत.

आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं... कूलर चालू होता, तरी खोली फार शांत वाटत होती. खिडकीबाहेर कबुतरांनी घरटं केलेलं. दिवसभर त्यांचं घूं घूं चालायचं. वहिनी वैतागायची.

त्यानं पडदा सारून बघितलं. घरट्यात दोन अंडी होती.

कबुतरं नव्हती. नंतरही ती कधी आली नाहीत.

"संध्या," त्यानं हाक मारली. "जरा इकडं ये गं."

वहिनी पिठाचे हात पुसत आली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"वायरिंग बिघडलं असंल."

"बिघडलं तर कुठंही धरल्यावर वाजंल ना? एकाच जागी कामून वाजून राह्यलंय?"

तिनं बंदूक घेतली, कोपऱ्याकडं धरून चाप ओढला. काही झालं नाही. परत ओढला. काही नाही.

"बघा. झालं तुमचं भूत," ती हसली आणि हसता हसता खोलीभर बंदूक फिरवत चाप ओढत राहिली. कपाट. दार. रिकाम्या केलेल्या जागेत उभा करून ठेवलेला काकांचा पलंग...

टिंग.

तिचं हसू तिथंच थांबलं.

ते कोपऱ्यातून पलंगापाशी आलेलं.

दोघं एकमेकांकडं बघत उभे होते, तेवढ्यात मागून चपला वाजल्या. अप्पारावकाका आले.

काकांबद्दल सांगायला पाहिजे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. सत्तरी ओलांडली तरी सकाळी परतूर रोडनं फिरायला जायचे. उभं आयुष्य गावोगावी पोरांना दाखवत हिंडले, की नारळातून निघालेलं लाल पाणी म्हणजे करणी नाही, रसायन आहे. भूत हा शब्द त्यांच्यासमोर काढायची कुणाची छाती नव्हती.

"अरे वा, अजून आहे का ही?" बंदूक बघून ते खूश झाले. पलंग आडवा केला आणि त्यावर बसले. "आण इकडं."

त्यांनी टीव्हीवर नेम धरला. काही लागलं नाही. "म्हातारा झालो रे मी," म्हणत त्यांनी बंदूक परत दिली.

दादाला राहवलं नाही. काका वहिनीशी बोलत होते तेव्हा त्यानं गुपचूप बंदूक काकांच्या डाव्या बाजूला धरली.

काही नाही.

उजव्या बाजूला. खांद्याच्या जरा मागं...

टिंग.

त्या संध्याकाळी पलंग परत मागच्या खोलीत गेला. "गरमी झाली तर होऊ दे, आज मागंच झोपा," दादा म्हणाला. काकांनी कारण विचारलं. दादाला सांगता आलं नाही. काय सांगणार? आणि कुणाला?

दुसऱ्या दिवशी काका शिकवणीच्या पोरांकडं गेल्यावर दादानं टीव्ही, मशीन, सगळं मागच्या खोलीत नेलं. बंदूक फिरवली. काही नाही. सुटलो, असं वाटलं त्याला.

काका आले. पलंगावर बसले.

दादानं चाप ओढला.

टिंग.

ते खोलीत नव्हतंच. काकांबरोबर होतं.

मग दादाचं एकच काम झालं. टीव्ही काकांच्या खोलीतच ठेवला. "बाबा, तुमच्या संगं खेळावं वाटतं," असं सांगायचं. काकांना बरं वाटायचं. बाप टीव्हीकडं बघायचा आणि पोरगा बापाच्या आजूबाजूला नेम धरायचा.

आधी ते पाठीमागं असायचं. मग पायथ्याशी आलं. मग पलंगावर, गुडघ्यापाशी...

एकदा दुपारी काका आडवे पडले होते. पडल्या पडल्या भिंतीकडं सरकले. मग आणखी सरकले.

"काय झालं बाबा?"

"काय की. गर्दी वाटली जरा."

पलंगावर ते एकटे होते.

दादा त्यांना जालन्याला घेऊन गेला. मोठ्या डॉक्टरकडं सगळ्या तपासण्या केल्या. छातीची ईसीजीची पट्टी काढली. "काकांची तब्येत तुमच्यापेक्षा चांगली आहे," डॉक्टर हसून म्हणाले. काकाही हसले. परतीच्या वाटेवर रसवंतीवर थांबून त्यांनी दादाला रस पाजला.

घरी आल्यावर दादानं चाप ओढला. ते कमरेपाशी होतं.

वहिनी एकदा रडून म्हणाली, "फोडून टाका ती बंदूक. माहीत नसलेलं बरं."

"फोडली तर ते जाईल का?"

ती डोळे पुसून आत गेली.

दादा त्या बाजूला स्वतः बसून बघायचा. काकांच्या आणि त्या जागेच्या मधे. अंग चोरून, तासन्‌तास. मग चाप ओढायचा... आणि टिंग व्हायचं ते काकांच्या दुसऱ्या बाजूला नेम धरल्यावर.

शेवटी काकांनीच विचारलं.

"राजा, तू टीव्हीवर नेम धरत न्हाईस. माझ्यावर धरून राह्यलास. काय भानगड आहे?"

दादा कोसळलाच. सगळं सांगितलं त्यानं. वाटलं, बाबा आता ओरडतील, हसतील. त्यांनी ओरडावं असं त्याला फार वाटत होतं.

काका ओरडले नाहीत. उठून बसले. "आण. प्रयोग करून बघू."

त्यांनी बंदूक घेतली. खिडकीला सतरंजी लावायला सांगितली. भिंतीवर, छताला, दाराला नेम धरला. काही नाही. मग स्वतःच्या पोटाच्या वर, जिथं दादानं सांगितलं तिथं.

टिंग.

काकांनी बंदुकीच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. आता तिला काहीच दिसणार नव्हतं. चाप ओढला.

टिंग.

बंदूक उलटीपालटी करून बघत राहिले. मग दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले,

"जे समजत न्हाई त्याला भूत म्हणू नको. समजत न्हाई म्हण."

"बाबा, भ्या वाटत न्हाई का तुम्हाला?"

"पाणी दे," काका म्हणाले.

त्यानंतर ते झोपताना दादाला जवळ बसायला सांगू लागले.

मे संपता संपता, अशाच एका दुपारी, काका जेवून पडले होते. दादा शेजारी. त्यानं नेम धरला. पोट. काही नाही. खांदा. काही नाही.

छाती...

टिंग.

"बाबा," दादा ओरडला.

काकांनी डोळे उघडले. त्याच्याकडं बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि... तसंच राहिलं.

दादानं छाती दाबली. वहिनीनं गाडी बोलावली. गाडी आलीही जल्दी. पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वय झालं होतं, हार्ट असं अचानक बंद पडतं, डॉक्टर म्हणाले.

काका गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत परत गेलो, तेव्हा त्यानं हे सगळं सांगितलं.

तो त्या स्लॅबच्या खोलीत बसला होता. कॅसेटी, सीड्या, नवं मशीन, सगळं देऊन टाकलेलं. रिकाम्या खोलीत एक टीव्ही, एक जुनं मशीन आणि मांडीवर ती बंदूक. टीव्हीत पाखरं उडत होती.

"आता कुठंय ते?" मी विचारलं.

"घरात न्हाई. भिंत न भिंत बघितली. माळा, मोरी, अंगण... वायर पोचती तिथपर्यंत. संध्याकडं धरलं. पायलकडं धरलं. कुठंच वाजत न्हाई."

"मंग गेलं असंल, दादा."

वहिनी दारात उभी होती. तिचा आवाज अगदी बारीक आला.

"एक जागा राह्यली की, भाऊजी."

मला आधी कळलं नाही. मग दादानं बंदुकीचं तोंड हळूहळू स्वतःकडं वळवलं. छातीपाशी आणलं... आणि खाली केलं.

"रोज बसतो," तो म्हणाला. "हात वळतो. बोट हलत न्हाई."

"आण, मी ओढतो."

मी असं का म्हणालो कोण जाणे. त्यानं बंदूक माझ्या हातात दिली. खेळण्यासारखी हलकी होती. मी ती त्याच्या छातीकडं धरली. दादानं डोळे मिटले. वहिनीनं चौकट घट्ट धरली.

माझ्याच्यानं झालं नाही. मी बंदूक खाली ठेवली.

"टाकून दे दादा ही."

"मंग कळंल कसं?"

"अन् कळून काकांचं काय करता आलं तुला?"

बोललो आणि जीभ चावली. दादानं बंदूक परत मांडीवर घेतली. मग म्हणाला, "चहा घेऊन जा."

चहा घेतला. बाहेर आलो. गाडीला किल्ली लावली. रस्त्यावर भर उन्हात चिटपाखरू नव्हतं.

आणि मागून, त्या खोलीतून...

टिंग.

मी तिथंच उभा राहिलो. कुणी हाक मारेल, कुणी रडेल म्हणून कान लावले. काही ऐकू आलं नाही. आत जायला पाहिजे होतं मी. अजून वाटतं.

मी गाडी चालू केली आणि निघून आलो.

चाप कुणी ओढला, बंदुकीचं तोंड कुणाकडं होतं, मी विचारलेलं नाही. दादानंही सांगितलेलं नाही. रविवारी फोन करतो. तो म्हणतो, "सगळं बराबर आहे." आवाज नेहमीसारखाच असतो.

फक्त रिंग वाजत असते ना, तेवढा वेळ... माझा जीव जागेवर नसतो.